आरव्हीचा फ्रिज गॅसवर पेटतो, पण ज्योत टिकत नाही : कारण नेमकं कसं शोधायचं

आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, बाहेरच्या बाजूची फ्रिजमागची जाळीची खिडकी काढून कान दिला की आवाजांचा एक ठरलेला क्रम ऐकू येतो. आधी ठिणगीची टकटक, मग गॅस पेटल्याचा ‘भप्’ असा आवाज, मग ज्योतीची मंद घरघर. आणि दहा-वीस सेकंदांनी एकच ‘टक्’ होऊन सगळं शांत. पुन्हा टकटक, पुन्हा भप्, पुन्हा शांत. दोन-तीनदा असं झालं की पॅनेलवर लाल दिवा लागतो आणि फ्रिज प्रयत्न सोडून देतो. आत दूध, भाज्या, कुणाचं तरी इन्सुलिन असतं, आणि विजेची जोडणी जवळपास कुठेही नसते.

अशा वेळी माणूस घाईने सुटे भाग बदलायला लागतो. आधी थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखणारं टोक), मग कंट्रोल बोर्ड, मग गॅसचा व्हॉल्व्ह. मी कळकळीने सांगतो, एकही भाग विकत घेण्याआधी फक्त एका प्रश्नाचं उत्तर मिळवा : ज्योत खरोखर विझते आहे, की ज्योत नीट जळत असताना फ्रिजला ती दिसत नाही म्हणून तो गॅस बंद करतो आहे? या दोन्ही बिघाडांचा शेवट सारखाच दिसतो, पण त्यांची कारणं पूर्णपणे वेगळी असतात. पहिल्यात दोष गॅसच्या, हवेच्या किंवा बर्नरच्या वाटेवर असतो. दुसऱ्यात तो ज्योत ओळखणाऱ्या तारेत, टोकात किंवा विजेच्या पुरवठ्यात असतो. पुढची सगळी शोधाशोध या एका प्रश्नाभोवती फिरते.

आधी सुरक्षितता

प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो. गळला तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, गाडीच्या तळाशी, कपाटांच्या खाली साचतो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे २ टक्क्यांच्या पुढे गेलं की एक ठिणगी पुरते. त्यामुळे वास येत असेल तर फ्रिज पेटवून बघायचा विचारही करू नका. सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, आतला दिवा-पंखा चालू-बंद करू नका. गळती सापडून दुरुस्त झाल्यावरच पुढचं वाचा.

दुसरा वास अमोनियाचा. डोळ्यांत पाणी आणणारा, नाकाला झोंबणारा. तो फ्रिजच्या मागून किंवा आतून येत असेल, किंवा मागच्या नळ्यांवर, विशेषतः बर्नरच्या वरच्या भागात पिवळट पूड दिसत असेल, तर तुमचा प्रश्न ज्योतीचा नाही. शीतकरणाची नळ्यांची बंद यंत्रणाच फुटली आहे. ती पिवळी पूड म्हणजे नळ्या आतून गंजू नयेत म्हणून द्रावणात घातलेलं सोडियम क्रोमेट. ते विषारी आहे, उघड्या हाताने पुसू नका. या यंत्रणेत दाबाखालचा हायड्रोजनही असतो, म्हणून असा फ्रिज गॅसवर किंवा विजेवर, कशावरही पुन्हा चालू करायचा नाही.

आणि गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा व गॅसचा अलार्म चालू आहे का, त्यांची मुदत संपलेली नाही ना, हे दुरुस्तीला हात घालण्याआधी पाहा.

हे यंत्र ज्योतीवर थंड कसं होतं

घरच्या फ्रिजसारखा यात कॉम्प्रेसर नसतो. १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंतर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एका बंद नळीत भरायचे आणि तळाशी उष्णता द्यायची. उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन द्रवरूप होतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषतो आणि शेवटी पाण्यात विरघळून खाली परततो. आजचे डोमेटिक किंवा नॉरकोल्डचे फ्रिज याच तत्त्वावर चालतात.

उष्णता कुठून आली याच्याशी या यंत्रणेला देणंघेणं नसतं. विजेचं हीटर असो वा गॅसची ज्योत, काम तेच. म्हणून निदानातली पहिली आणि फुकटची चाचणी अशी : शक्य असेल तिथे फ्रिज विजेवर रात्रभर चालवून बघा. विजेवर छान गार होत असेल तर नळ्यांची यंत्रणा शाबूत आहे, दोष गॅसच्या बाजूला आहे. विजेवरही गार होत नसेल तर ज्योतीच्या मागे लागून उपयोग नाही.

तुमचा फ्रिज कोणत्या जातीचा?

जुन्या किंवा साध्या फ्रिजमध्ये बटण दाबून धरायचं, ठिणगीचं बटण दाबायचं आणि ज्योत लागली की पहिलं बटण आणखी थोडा वेळ धरून ठेवायचं असतं. यात थर्मोकपल असतं. ज्योतीत तापलेलं त्याचं टोक काही मिलिव्होल्ट वीज निर्माण करतं आणि तेवढ्या विजेवर एक छोटा विद्युतचुंबक गॅसचा सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडा धरतो. टोक गार झालं की व्हॉल्व्ह बंद.

नव्या, आपोआप पेटणाऱ्या फ्रिजमध्ये कंट्रोल बोर्ड १२ व्होल्टवर गॅसचा सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणारा) व्हॉल्व्ह उघडतो आणि इलेक्ट्रोडला, म्हणजे बर्नरजवळच्या धातूच्या टोकाला, ठिणगी देतो. ज्योत लागली की त्याच इलेक्ट्रोडमधून तो ज्योत ‘पाहतो’. ज्योतीतून वीज वाहू शकते, पण एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी. हा फरक अवघ्या काही मायक्रोअँपिअरचा असतो आणि बोर्ड तेवढ्यावरच विश्वास ठेवतो. ठरलेल्या वेळात, बहुधा पाऊण मिनिटाच्या आत, ज्योतीची खूण मिळाली नाही तर गॅस बंद. इतक्या क्षीण संकेतावर सगळं अवलंबून असल्याने जरा काजळी किंवा एक सैल जोड पुरेसा होतो.

पहिली पायरी : डोळ्यांनी ज्योत पाहा

शक्यतो अंधार पडल्यावर करा. बाहेरची जाळी काढा, बर्नरवरचा पत्र्याचा छोटा डबा शोधा. त्याचं झाकण साधारण एका स्क्रूवर असतं. कुणाला तरी आतून फ्रिज गॅसवर चालू करायला सांगा आणि तुम्ही बर्नरकडे बघत राहा. ठिणगीच्या तारेला हात लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

आता तीनपैकी एक दृश्य दिसेल.

ज्योत लागते, निळी आणि ठाम जळते, पण टकटक थांबतच नाही. मग गॅस बंद होतो. हे दृश्य दिसलं तर समाधान माना, कारण उत्तर जवळजवळ मिळालं. बोर्डला ज्योत दिसत नाही. गॅस, रेग्युलेटर, जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) यांच्या वाटेला जाऊ नका.

ज्योत लागते पण ती आळशी, पिवळी, थरथरणारी असते, बर्नरवरून उचलली जाते किंवा बारीक होत होत मरते. हा गॅसचा किंवा हवेचा दोष.

ज्योत उत्तम जळते, टकटकही थांबते, आणि मग अचानक, आधी कुठलीही कुरबूर न करता, कात्रीने कापल्यासारखी ज्योत जाते. म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला. थर्मोकपल, विजेचा पुरवठा, सोलेनॉइड किंवा त्यांच्या जोडण्या तपासा.

मोबाइलवर या सगळ्याचं आवाजासकट चित्रण करून ठेवा. ज्योत मरताना बारीक होत गेली की एका क्षणात तुटली, हे डोळ्यांना कधी कधी कळत नाही, पण चित्रण हळू गतीने पाहिलं की लगेच कळतं.

एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. आपोआप चालणाऱ्या फ्रिजमध्ये आतलं तापमान हवं तितकं उतरलं की बोर्ड स्वतःच ज्योत बंद करतो आणि नंतर पुन्हा लावतो. लाल दिवा नसेल आणि आत गार असेल तर विझलेली ज्योत म्हणजे बिघाड नव्हे.

ज्योत खरोखर विझत असेल तर : सिलिंडरपासून सुरुवात

सुरुवात स्वयंपाकाच्या शेगडीपासून करा. शेगडीचे सगळे बर्नर लावा आणि दोन-तीन मिनिटं बघत राहा. ज्योती निळ्या, स्थिर राहिल्या तर सिलिंडर आणि रेग्युलेटर बहुधा ठीक आहेत. हळूहळू खाली बसल्या तर दोष फ्रिजचा नाहीच.

सिलिंडर नुकतंच भरलं किंवा बदललं असेल तर नळीत हवा असते. फ्रिजचा जेट इतका बारीक की त्यातून ती हवा बाहेर पडायला फार वेळ लागतो आणि तोवर फ्रिज प्रयत्न संपवून बसतो. शेगडीचा एक बर्नर स्थिर पेटेपर्यंत चालवा, मग फ्रिज बंद-चालू करून तीन-चारदा प्रयत्न करा. बऱ्याच ‘बिघडलेल्या’ फ्रिजना एवढंच हवं असतं.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडण्याची सवयही नडते. जोडणीत एक सुरक्षा यंत्रणा असते. गॅस अचानक जोरात धावला की नळी तुटली असं समजून ती वाट जवळजवळ बंद करते. मग अगदी थोडा गॅस झिरपत राहतो, ठिणगीला ज्योत लागते, पण टिकत नाही. सगळी उपकरणं बंद करा, सिलिंडर बंद करा, काही मिनिटं थांबा आणि मग व्हॉल्व्ह अगदी हळू, थोडा थोडा करून उघडा.

थंडीचा मुद्दा वेगळा आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत वाफ होत राहतो, पण ब्युटेनची वाफ शून्याच्या आसपासच थांबते. सिलिंडरातल्या मिश्रणात ब्युटेन जास्त असेल आणि पहाटे पारा गोठणबिंदूला आला, तर सिलिंडर अर्धं भरलेलं असूनही दाब पडतो.

दाब मोजा, अंदाज नको

उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांची गॅसव्यवस्था पाण्याच्या ११ इंच दाबावर चालते, म्हणजे जवळपास २८ सेंटीमीटर. युरोपात बहुतांश ३० मिलिबार. बर्नरच्या व्हॉल्व्हजवळ बऱ्याचदा दाब मोजण्यासाठी एक छोटा स्क्रू-जोड दिलेला असतो. मॅनोमीटर नसेल तर पारदर्शक नळीला इंग्रजी ‘यू’सारखा आकार देऊन त्यात रंगीत पाणी घाला, एक टोक जोडावर लावा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतलं अंतर म्हणजे दाब. फ्रिजबरोबर शेगडीचा एखादा बर्नर चालू असताना मोजा, कारण नुसत्या थांबलेल्या गॅसचा दाब फसवा असतो.

मग गाडीतला हीटर लावा. त्याचा बर्नर फ्रिजच्या दहा-वीस पट गॅस ओढतो. हीटर पेटल्यावर दाब धाडकन खाली आला आणि फ्रिजची ज्योत गेली, तर रेग्युलेटर थकला आहे किंवा नळीत अडथळा आहे. जुन्या रबरी नळ्यांतून सुटलेला पिवळसर, तेलकट चिकट द्रव रेग्युलेटरमध्ये साचतो, तेही एक कारण असू शकतं. रेग्युलेटर जुना आणि कुरबुरी करणारा असेल तर त्याचा स्क्रू फिरवत बसण्यापेक्षा बदला. तो दिसतो साधा, पण सगळ्या गाडीची सुरक्षितता त्याच्यावर असते.

बर्नर आणि जेट : इथे वेळ द्या

माझ्या अनुभवात, काही महिने उभी राहिलेली गाडी असेल तर दहापैकी सहा-सात वेळा दोष इथेच निघतो. कोळ्यांना बर्नरची नळी फार आवडते. एकदा मी बर्नर काढून उजेडात धरला तर आत काहीच दिसेना. हलकेच फुंकर मारली तेव्हा नळीच्या तोंडाशी एक पांढरट धागा हलला. ओढला तर कापसाच्या बोंडाएवढं जाळं बाहेर आलं. तेवढ्याशा जाळ्याने हवेचा रस्ता अडला होता, ज्योत पिवळी होऊन विझत होती. गांधीलमाशीचं मातीचं घरटंही असंच काम करतं. आणि तिसरा गुन्हेगार म्हणजे गंज. बर्नरच्या वर उभी धुराची नळी असते. तिच्या आतल्या बाजूचे गंजाचे पापुद्रे प्रवासातल्या हादऱ्यांनी सुटतात आणि सरळ बर्नरच्या फटींवर पडतात.

सफाईचा क्रम असा ठेवा. फ्रिज बंद, सिलिंडर बंद, १२ व्होल्टचा पुरवठाही बंद. बर्नर पूर्ण गार होऊ द्या. काही काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या, विशेषतः इलेक्ट्रोड किंवा थर्मोकपलचं टोक बर्नरपासून किती लांब आहे त्याचा. गॅसच्या जोडाचा नट सोडवताना नेहमी दोन पाने वापरा : एकाने जोड घट्ट धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकच पाना लावला की पातळ नळी पिळली जाते आणि तिथे चीर पडते.

बर्नर सुटला की त्याच्या फटी मऊ ब्रशने घासा, आतून हलक्या दाबाची हवा सोडा, हवेची भोकं मोकळी आहेत का पाहा. जेट मात्र नाजूक वस्तू आहे. त्याचं भोक डोळ्यांना जेमतेम दिसतं आणि त्याचं माप अचूक असतं. त्यात सुई, तार, टाचणी, काहीही घालू नका. भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जेट स्वच्छ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर बुडवून ठेवा, बाहेर काढून हवेने वाळवा आणि दिव्यासमोर धरा. लख्ख, गोल ठिपका दिसायला हवा. ठिपका वेडावाकडा दिसला तर जेट बदला, तोही अगदी त्याच क्रमांकाचा.

बर्नर बाहेर असतानाच धुराची नळी साफ करा. तिच्या आत पिळलेली पत्र्याची पट्टी तारेने लोंबत असते. ती ज्योतीची उष्णता नळीच्या कडांना देते. पट्टी वरून काढता येते, पण तिची तार किती लांब होती ते आधी मोजून लिहून ठेवा, कारण पट्टी खाली घसरली तर ज्योतीचा श्वास कोंडतो. नळीत ब्रश फिरवा, खाली फडकं अंथरा, डोळ्यांवर चष्मा लावा. पडलेला गंज पाहिल्यावर कळेल की हे काम दरवर्षी का करायला हवं.

जोडणी झाली की गॅस सोडून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला साबण पितळेला चालत नाही, तो टाळा. सोलेनॉइड व्हॉल्व्हपासून जेटपर्यंतच्या जोडात गॅस फक्त ज्योत चालू असतानाच येतो, म्हणून ते जोड फ्रिज पेटवल्यावर पुन्हा तपासा, फेस ज्योतीपासून दूर ठेवून. काडी पेटवून गळती शोधायची नाही, कधीच नाही.

वारा आणि उंची

जाळीवर थेट वारा येत असेल तर ज्योत विझते, चालत्या गाडीत तर जास्तच. गाडी फिरवून उभी करून बघा. फरक पडला तर तुमच्या फ्रिजसाठी मिळणारा वारा अडवणारा पत्रा बसवा. जाळी चिकटपट्टीने किंवा फडक्याने बंद करायची नाही, ज्योतीला तिथूनच हवा मिळते आणि धूरही बाहेर जायला हवा. इंधन भरायला थांबण्याआधी ज्योत बंद करा, हा नियम विसरू नका.

घाटमाथ्यावर, डोंगरात गेल्यावर त्रास सुरू झाला असेल तर हवेचा विरळपणा लक्षात घ्या. साधारण ५,५०० फुटांच्या वर ज्योत अस्थिर होऊ शकते. तिथे शक्य असेल तर विजेवर चालवा. खाली उतरल्यावर आपोआप सुरळीत झालं तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

ज्योत ठीक, पण फ्रिजला दिसत नाही : थर्मोकपलवाले फ्रिज

ज्योत लागल्यावर बटण पुरेसा वेळ धरता का? निदान अर्धा मिनिट धरा. सोडल्याबरोबर ज्योत गेली तर थर्मोकपलचं टोक ज्योतीत बुडालंय का पाहा. काजळी असेल तर बारीक पॉलिश कागदाने पुसा. दुसरं टोक व्हॉल्व्हला जिथे जोडलेलं असतं तिथला नट सैल असतो, हे फार वेळा दिसतं. हाताने घट्ट करून पाव फेरा पुढे, एवढंच. जोरात आवळलं तर आतला संपर्कबिंदू चेपतो.

मल्टीमीटर असेल तर थर्मोकपल सोडवून टोक तापवा आणि मिलिव्होल्ट मोजा. चांगलं थर्मोकपल २० ते ३० मिलिव्होल्ट देतं. दहा-बाराच्या आसपास रेंगाळत असेल तर बदला. नवीन थर्मोकपल बसवूनही तेच होत असेल तर व्हॉल्व्हमधला विद्युतचुंबक धरत नाही, किंवा मध्ये एखादा तापमान-कटऑफ जोडलेला असेल तर तो उघडा पडला आहे.

याच जातीत एक लबाड दोष असतो. फ्रिज छान पेटतो, दोन-तीन तास चालतो, आणि आत गार झाल्यावर विझतो. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये गार झाल्यावर ज्योत पूर्ण बंद होत नाही, ती लहान होते, आणि त्या लहान ज्योतीचा गॅस एका वेगळ्या बारीक जेटमधून येतो. ते भोक बुजलेलं असेल तर मोठी ज्योत निर्दोष आणि लहान ज्योत शून्य. थर्मोकपल बदलून हे कधीच सुटत नाही.

आपोआप पेटणारे फ्रिज : इलेक्ट्रोड, तार, अर्थिंग, व्होल्टेज

इलेक्ट्रोडचं टोक काजळीने काळं किंवा पांढऱ्या थराने माखलेलं असेल तर हलक्या हाताने घासा. टोक आणि बर्नर यांतली फट साधारण ३ ते ५ मिलिमीटर असावी. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो, तोच पाळा. टोक ज्योतीच्या मधोमध यायला हवं, बाजूला नाही. पांढऱ्या चिनीमातीला तडा आहे का ते अंधारात कळतं : ठिणगी बर्नरवर न पडता वाटेतच कुठेतरी पत्र्यावर उडते. तारेचं रबर भाजून पत्र्याला टेकलं असेल तरी तेच.

आता अर्थिंग. ज्योतीतून आलेला तो मायक्रोअँपिअरचा संकेत बर्नरच्या धातूतून, पत्र्यातून परत बोर्डाकडे जातो. ही परतीची वाट गंजली तर ज्योत कितीही सुंदर असली तरी बोर्ड आंधळा. एका गाडीत मी नवा इलेक्ट्रोड आणि नवा बोर्ड दोन्ही बसवले होते, तरी ज्योत पंधराव्या सेकंदाला जात होती. शेवटी जमिनीवर बसून अर्थिंगच्या तारेचा माग काढला. बर्नरच्या डब्यामागे एका स्क्रूखाली रिंग होती, तिच्यावर हिरवट थर चढलेला. स्क्रू काढला, रिंग आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासले, पुन्हा आवळलं, आणि ज्योत टिकली. मालकाचे बोर्डाचे पैसे वाया गेले होते, ते मी भरून दिले. तेव्हापासून बोर्डाकडे बघण्याआधी मी अर्थिंग बघतो.

व्होल्टेज मोजायचं ते बॅटरीवर नाही, फ्रिजच्या मागच्या जोडपट्टीवर, आणि ज्योत पेटवण्याचा प्रयत्न चालू असताना. बॅटरीवर १२.६ आणि फ्रिजवर १०.८ दिसलं तर मधल्या तारेत, फ्यूजमध्ये किंवा अर्थिंगमध्ये व्होल्ट हरवत आहेत. मग गाडीतला हीटरचा पंखा किंवा पाण्याचा पंप चालू करून पाहा. त्या क्षणी ज्योत गेली तर दोष सापडला. उघडलेला सोलेनॉइड थोड्या कमी व्होल्टेजवरही धरून राहतो, पण व्होल्टेज फारच खाली गेलं की सुटतो. त्याच्या दोन टोकांवर पूर्ण व्होल्टेज असतानाही तो सुटत असेल तर तो स्वतःच खराब आहे.

हे सगळं झाल्यावरच बोर्ड. तोही आधी बदलू नका. पुरवठा बंद करून त्याचा जोड उपसा, कडेच्या पितळी पट्ट्या खोडरबराने पुसा, जोड पुन्हा घट्ट बसवा. त्याने काही फ्रिज वर्षानुवर्षं चाललेले मी पाहिले आहेत.

पेटल्यानंतर

फ्रिज बंद-चालू करून लाल दिव्याची स्थिती मिटवा आणि ज्योतीसमोर पंधरा मिनिटं बसा. ज्योत निळी, धारदार, हलक्या घरघरीने जळणारी हवी. पिवळी शेंडी दिसली तर बर्नर पुन्हा काढा. मग बंद करून, बर्नर गरम असताना पुन्हा पेटवा, कारण काही जोड तापल्यावरच सुटतात. हीटर आणि शेगडी चालू करून ज्योत टिकते का ते पाहा. गाडी समपातळीत उभी करा. तिरप्या गाडीत ज्योत विझत नाही, पण आतलं द्रावण एका जागी तापत राहून यंत्रणा कायमची निकामी होऊ शकते.

पूर्ण गार व्हायला बारा तासांपासून एक दिवसही लागतो, तेव्हा तासाभरात थंडी शोधू नका. इन्सुलिनसारखी वस्तू लगेच आत ठेवू नका, थर्मामीटर २ ते ८ अंशांच्या दरम्यान स्थिर होऊ द्या. आणि पहिल्या खडबडीत रस्त्यानंतर बर्नरचा डबा एकदा उघडून पाहा. धुराच्या नळीत मागे राहिलेला गंजाचा पापुद्रा हमखास त्याच प्रवासात खाली येतो.